चार बोटं पिवळा

जेवण झालं की सर भिंतीसमोरच्या बाकड्यावर बसायचे आणि डोळे अर्धे मिटून घ्यायचे. झोपले म्हणावं तर पायाचा अंगठा हलत असायचा, जागे म्हणावं तर हाक मारली तरी ओ यायची नाही. बाहेर अमरावतीचं ऊन, खिडकीत कूलर, कूलरच्या वाळ्याला पाणी लागल्याचा वास, आणि समोर ती रंगीत भिंत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी विशालला हळूच विचारलं, "सर झोपले काय?"

"नाई व. पाहून राह्यले."

"काय पाहून राह्यले?"

"काम वाह्यते म्हन्ते. तू नवीन आहेस, तुलेबी दिसन थोड्या दिवसात. मले तं दोन वर्सं झाले, मले निसती भिंतच दिसते."

आमचं ऑफिस म्हणजे राजकमल चौकाजवळच्या एका कापड दुकानाचा वरचा मजला. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. गाडी आली, वजन झालं, ओलाव्याची कपात झाली, पावती निघाली, एवढं त्यानं बिनचूक करावं ही अपेक्षा. विशाल आणि पूजा प्रोग्राम लिहायचे आणि मी तो तपासायचे. म्हणजे दिवसभर त्या दोघांच्या कामात खोड काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा. घरी हेच काम मी फुकट करते असं आई म्हणायची. सर आमचे प्रमुख. राहायला अकोल्याला, रोज रेल्वेने बडनेऱ्यापर्यंत आणि पुढे ऑटोने. अकोल्यात त्यांच्या मोठ्या भावाचं रंगाचं दुकान होतं आणि त्या बाजारात त्यांना सगळे भाईजान म्हणत. मालक मूळचे इकडचेच, पण पुण्यात स्थायिक झालेले. ते अधूनमधून यायचे आणि आल्या आल्या, अजून एसी का नाही बसवला म्हणून आम्हालाच विचारायचे.

प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असायची. फळ्यावर चार रकाने होते: आलेलं, बनवणं, तपासणी, झालं. चिठ्ठी एकातून दुसऱ्यात सरकत जायची. हे हल्ली सगळ्याच ऑफिसांत असतं, आणि कॉम्प्युटर त्याचा आलेखही आपोआप काढून देतो. पण कॉम्प्युटरने काढलेल्या रंगांवर सरांचा विश्वास नव्हता. संध्याकाळी गाडीला निघण्याआधी ते प्रत्येक रकान्यातल्या चिठ्ठ्या मोजायचे, आणि भावाच्या दुकानातून आणलेल्या छोट्या डब्यांतल्या ऑइलपेंटने भिंतीवर बोटभर रुंदीचा एक उभा पट्टा ओढायचे. सगळ्यात खाली राखाडी, म्हणजे झालेलं. त्याच्यावर पिवळा, म्हणजे माझ्याकडे तपासणीत असलेलं. त्याच्यावर जांभळा, बनत असलेलं. आणि सगळ्यात वर बदामी, ज्याला अजून कुणी हात लावलेला नाही ते. आजचा पट्टा कालच्याला चिकटून, उद्याचा आजच्याला. दिवसांमागून दिवस गेले की त्या पट्ट्यांचे लांबच लांब थर व्हायचे, डावीकडून उजवीकडे चढत जाणारे. थर छताला टेकले की सर तोवर झालेलं मोजणीतून सोडून द्यायचे आणि पुढच्या भिंतीवर पुन्हा जमिनीपासून सुरुवात करायचे. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कचोरी मिळायची.

झालेल्या कामाला एवढा उदास रंग का, असं पूजाने एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "त्याच्याकडं कोनी पाह्यतच नाही बाप्पा. चांगला रंग काहून वाया घालवू?"

मला त्यांनी भिंत वाचायला शिकवली ती अशी. हात धरून माझा पंजा पिवळ्यावर ठेवला. "हे तुह्यं. इथून इथपावतर उभ्या जेवढ्या चिठ्ठ्या मावते, तेवढ्या आज तुह्याजवळ आहेत. आता मान वाकडी कर." मी मान वाकडी केली. त्यांनी पिवळ्याच्या वरच्या कडेवर बोट टेकवलं आणि सरळ आडवं नेत खालच्या कडेपर्यंत आणलं. "इथं चिठ्ठी आत शिरली. इथं भायेर निघाली. मधात एवढे दिवस थे तुह्याजवळ बसून होती. उभं पाह्यलं तं किती, आडवं पाह्यलं तं कधी. बस. बाकी निसते रंग."

मी बरेच दिवस मान वाकडी करून बघितलं. मान दुखली, दिसलं काही नाही. मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला, खालच्या दुकानातलं गाणं थांबलं, चौकातले हॉर्नसुद्धा लांब गेल्यासारखे वाटले. विशाल टेबलावर डोकं टेकून झोपला. पूजा कागदाने वारा घेत होती, घेता घेता तिचाही हात मंदावला. मी सरांच्या बाकड्यावर टोकाला बसले होते, डोळ्यांवर झापड येत होती, आणि मिटत्या डोळ्यांना तो पिवळा हलताना दिसला. आमच्या धारणीकडे सिपना नदी डिसेंबरात जशी वाहते, गाजावाजा न करता, कुठे रुंद होते, कुठे दगडातून चिंचोळी होते, तसा तो चालला होता. दिवाळीच्या सुट्टीत सगळे थर सपाट झाले होते. पूजा तापाने पडली होती तेव्हा जांभळा पातळ झाला होता. मी नवीन आले तेव्हा पिवळा आधी फुगला आणि मग हळूहळू ताळ्यावर आला, ते फुगणं मला माझ्याच अंगात जाणवलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेजारून सर इतकंच म्हणाले, "दिसलं ना?" मी मान हलवली. लाइट आली तेव्हा मला वाईट वाटलं.

आता त्यांचा तो प्रसिद्ध नियम. पिवळ्यावर सर रोज सकाळी चार बोटं आडवी ठेवून बघायचे. पिवळा चार बोटांत मावला तर ठीक. बोटांच्या वर गेला की ते मोठ्यानं म्हणायचे, "नवीन हात लावू नका!" मग विशाल आणि पूजाने नवीन चिठ्ठी उचलायची नाही. एकतर माझ्याशेजारी बसून तपासणीला मदत करायची, नाहीतर स्वस्थ बसायचं. स्वस्थ बसणं हे विशालला जड जायचं. तो दर्यापूरकडचा गडी, हाताला काम नसलं की चिडायचा.

"सर, मी मोकया बसून राह्यलो. मालकानं पाह्यलं तं काय म्हनन?"

"मोकया मानूस दिसते त्यायले. अडकेल चिठ्ठी दिसत नाही. तू बस."

विशाल कुरकुरत माझ्या टेबलाशी यायचा आणि स्वतःच लिहिलेला प्रोग्राम तपासायचा. एकदा त्याला सापडलं की रिकामी गाडी परत निघाली की आमचं सॉफ्टवेअर तिच्यात उणे वजनाचा कापूस दाखवतं. स्वतःच्या चुकीवर तो पोट धरून हसला. त्यानंतर त्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडे जरा पुसून-पासून यायला लागल्या.

सरांना हे वेड ऑफिसपुरतं असतं तर ठीक होतं. पण त्यांना सगळीकडेच थर दिसायचे. त्यांच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही तिघं अकोल्याला गेलो होतो. दावतीच्या वेळी पाहतो तर सर जेवणाच्या हॉलच्या दारात उभे, आणि आत जाणाऱ्या पाहुण्यांना हात आडवा करून थांबवताहेत. बाहेर ही गर्दी. नवरदेवाचे मामू सगळ्यात पुढे.

"भाईजान, मेहमान को दरवाज़े पे रोकते क्या?"

"रोक नहीं रहा मामू. अंदर बैठे हुए लोग उठेंगे, फिर आप आराम से बैठेंगे. अभी गए तो सालन ठंडा, बिर्याणी आधी."

मामू तणतणत बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले. सरांचे मोठे भाऊ कपाळाला हात लावून आमच्याकडे बघत होते, जणू आम्हीच याला बिघडवलं. पण आत गेलेल्या प्रत्येकाला बिर्याणी वाफाळती मिळाली आणि कुणाच्या पाठीशी कुणी उभं राहिलं नाही. मामूंनी दोनदा घेतली. सरांशी मात्र ते जाईपर्यंत बोलले नाहीत.

सेमाडोहच्या सहलीतही तेच. सगळे वाघासाठी डोळे फाडून झाडीत बघत होते आणि सर मागे वळून रस्त्याकडे. परत आल्यावर पूजाने विचारलं, सर काय पाह्यलं? ते म्हणाले, "एका गाडीले वाघ दिसला, थे थांबली. मंग मांगच्या साऱ्या थांबल्या. वाघ गेला तरी गाड्यायचा थर जाडच होता अर्धा घंटा." आणि बडनेरा स्टेशनच्या पुलावर तर मी स्वतः त्यांना पाहिलं आहे. गाडी लागलेली, सगळे धावताहेत, आणि सर पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून खाली उतरणाऱ्या माणसांकडे बघत उभे, चेहऱ्यावर गाढ समाधान. ती गाडी त्यांची होती. ती गेली.

मला हा माणूस फार आवडायचा, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

माझं घर धारणीचं. आईला तिथून अमरावतीला आणायला मला दोन वर्षं समजूत घालावी लागली. तिच्या डोळ्यांवर उपचार करायचे होते, आणि धारणीहून बसने घाट उतरून दर वेळी येणं तिला झेपत नव्हतं. ती आली, पण अट घालून: याच्या पुढं नाही. पुणं-बिणं नाही. पाऊस उघडून हवा स्वच्छ झाली की आमच्या गच्चीवरून चिखलदऱ्याकडचे डोंगर निळसर दिसतात, तेवढ्यावर तिचं भागायचं. संध्याकाळी ती त्या दिशेला खुर्ची टाकून बसायची. डोंगर दिसत नसले तरी बसायची. ती पुण्याला येणार नव्हती आणि मी तिला एकटी सोडून जाणार नव्हते. अमरावतीत माझ्या कामाची दुसरी नोकरी मी शोधून दमले होते. म्हणजे हीच एक.

दसऱ्यानंतर कापूस यायला लागला आणि आमच्याकडे आणखी एका जिनिंगचं काम आलं. चार बोटांचा नियम कधी सुटला ते आम्हाला कळलंच नाही. एका सकाळी सरांनी भिंतीवर हात ठेवून बघितला नाही, दुसऱ्या सकाळीही नाही, आणि विशाल-पूजा भराभर चिठ्ठ्या बनवून माझ्याकडे सरकवत राहिले. पिवळा फुगला. वीतभर झाला. वीतभराच्या वर गेला. मी डबा टेबलावरच खायला लागले. झोपेतही पिवळं दिसायचं, मच्छरदाणीत कुणी पिवळा रंग ओतत असल्यासारखं, आणि मी एका हाताने आईची गादी उचलून धरलेली. सर दुपारी बाकड्यावर बसायचे, पण आता त्यांचे डोळे मिटलेले असायचे. पाहत नव्हते ते.

मग मालकांचा फोन आला. सरांनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो टेबलावर ठेवला.

"हे बघा, मला एक माणूस कमी करावाच लागणार आहे," मालक म्हणाले. "चिठ्ठ्यांचे आकडे दर आठवड्याला माझ्याकडेही येतात. सगळं तपासणीत अडकतंय. ती मुलगी चांगली आहे, पण तिला झेपत नाहीये हे दिसतंय ना? तपासणी मी पुण्याला हलवतो. सोमवारी येतोय, तुमची ती भिंत बघतो आणि काय ते ठरवून जातो. तोवर पिवळा आटोक्यात आला तर बघू."

सर नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं काहीतरी बोलतील. मी जिन्यात जाऊन रडून आले.

शनिवारी सर गाडीसाठी लवकर निघाले, त्यामुळे त्या दिवसाचा पट्टा ओढायचा राहिला. मीही आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून गेले. मागे विशाल आणि पूजा दोघंच राहिले, आणि त्यांनी माझ्या रकान्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या उचलून "झालं"मध्ये लावून टाकल्या. न तपासलेल्या, जशाच्या तशा. सोमवारी सकाळी मी आले तर माझा रकाना मोकळा, आणि विशाल लग्नातल्या करवल्यासारखा मिरवत उभा.

"पाह्य! पिवळा खतम. आता कोनाले काढते पाहू."

खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं की मी पूजाच्या गळ्यात पडले. कुणीतरी आपल्यासाठी एवढं करावं, याचंच मला भरून आलं.

तेवढ्यात सर आले. त्यांनी पिशवी ठेवली, चिठ्ठ्या मोजल्या, परत मोजल्या. राखाडीचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि भिंतीशी जाऊन थांबले. तो पट्टा ओढला असता तर राखाडी एकदम पिवळ्याएवढी वर उडी मारून गेली असती आणि पिवळा नाहीसा झाला असता. ब्रशवरून थेंब खाली पडला.

"हे कोनाचं काम?"

मग विशाल म्हणाला, "सर, आजचा दिवस. मालक गेले की मी सोताच्या हातानं वापस लावतो."

"राख अशी चढत नाही रे. एका दिवसात एवढं काम कोनाच्या बापानं होत नाही."

"त्यायले कुठं समजते?" पूजा म्हणाली.

मी पुढे झाले. "सर, राहू द्या ना. माही माय कुठं जाईन? तुमाले मालूम आहे सारं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मालूम आहे व. पन आज एक पट्टा खोटा वढला तं मांगचे सारे खोटे होते. मंग ह्या भिंतीले इचाराचं काय?" आणि ते फळ्याशी जाऊन एकेक चिठ्ठी काढून परत माझ्या रकान्यात लावायला लागले. प्रत्येक चिठ्ठी वाचून, नीट, सावकाश.

मी चिडले. अजूनही चिडते. माझं आजही हेच मत आहे की बोटभर खोट्या रंगाने जगात कुणाचं वाकडं झालं नसतं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "तुमाले मानसापरीस भिंत जास्त आहे." त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि पिवळ्याचा डबा उघडला. शनिवारचा पट्टा ओढला. तो आजवरचा सगळ्यात जाड होता.

मालक अकराच्या सुमारास आले. भिंतीजवळ गेले, पिवळ्यावर बोट टेकवलं आणि बोट पिवळं झालं. रुमालाने पुसत म्हणाले, "बघा. मी म्हणत होतो तेच. इथेच अडतंय."

"इथं दिसते," सर म्हणाले. "इथं अडत नाही."

त्यांचा आवाज रोजचाच होता, दुपारचा, अर्ध्या झोपेतला. ते भिंतीला हात लावून उलट्या दिशेने चालायला लागले, आजपासून मागे, कालपासून मागे. मालक त्यांच्या मागे. खिडकीचा वळसा घेऊन ते थेट तिथे पोचले जिथे मी नोकरीला लागले होते.

"पिवळ्याची खालची कड पाहा. हिच्या हातून तपासून जे भायेर निघालं, थे ही रेघ. इथं ही नवीन होती, चढ कमी. इथून चढ लागला. आता माह्या बोटासंगं चाला." ते परत पुढे निघाले, बोट कडेवर टेकवून. "एकच चढ. पाह्यलं? हिच्या मायचं डोयाचं ऑपरेशन झालं, त्या हप्त्यातबी रेघ बसली नाही. आजपावतर एकच चढ."

मी माझ्या खुर्चीत बसून ते बोट बघत होते. ती रेघ रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. ती माझी आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आपली पिवळा किती जाड झाला तेच बघत होते.

"आता वरची कड. हिच्याकडं जे आत शिरलं थे. इथपावतर दोघी संगं संगं चालल्या. अन् इथं..." सर थांबले. "इथं वरची उभी झाली. पिवळा हिनं जाड नाही केला. हिच्यावर वतला."

"इथे काय झालं?" मालकांनी विचारलं.

"दुसरं जिनिंग घेतलं. तुमी फोन केला होता, घ्यायचं का म्हनून."

मालकांचा चेहरा आक्रसला. विशालने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. आम्हाला वाटलं, आता सर मालकांनाच धरणार.

"तुमी इचारलं," सर म्हणाले. "घ्याच, असं नाही म्हनलं. हो म्या म्हनलं. त्या दिवशी चार बोटं भरून होता पिवळा, म्या हात ठेवून पाह्यलं होतं. तरी हो म्हनलं. मले नाही म्हनता आलं नाही." ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. "अन् मंग म्या हात ठेवनंच बंद केलं."

लग्नाच्या दारात सगळ्या वऱ्हाडाला थोपवून धरणारा माणूस एका फोनला नाही म्हणू शकला नव्हता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मग?" मालक म्हणाले. "एक माणूस तर कमी करायचाच आहे. कुणाला करू? सांगा तुम्हीच." त्यांनी ते थोडं चिडून, थोडं थट्टेत विचारलं असावं.

सर भिंतीकडे वळले. जणू खरंच तिथे पाहून सांगायचं होतं. मग म्हणाले, "भिंत तं मले म्हन्ते."

मालकांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे."

इतकं सोपं झालं ते. मालकांना सरांचं ते दुपारचं बसणं कधीपासून खुपत असणार. महिनाअखेरीला सरांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, कपड्याला पुसले, डब्यांची झाकणं ठोकून बसवली आणि रोजच्या गाडीने गेले. विशाल त्या दिवशी कामावर आलाच नाही. तपासणी अमरावतीतच राहिली, मी राहिले, आई संध्याकाळची गच्चीवर बसत राहिली.

मी चार-पाच महिन्यांनी अकोल्याला गेले, रविवारी, आईने केलेल्या लाडवांचा डबा घेऊन. गाडीत सगळं मनात जुळवत होते, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. दुकान बाजारात होतं, रंगाच्या डब्यांनी छतापर्यंत भरलेलं. सर आत एका स्टुलावर बसले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला, भावाला ओरडून चहा सांगितला, आईच्या डोळ्यांची चौकशी केली. मग मी गाडीत जुळवलेलं सगळं विसरून एकदम म्हटलं, "सर, तुमी माह्यासाठी नोकरी सोडली. मी हे जलमभर इसरनार नाही."

ते खरंच गोंधळले. "तुह्यासाठी? नाही व. थे भिंतीवर होतं."

"तुमी त्या दिवशी चूप राह्यले असते तं?"

"त्यायनं इचारलं ना. इचारलं तं सांगा लागते."

एवढे महिने उराशी बाळगलेले उपकार त्यांनी असे परत केले, जणू मी चुकीच्या घरी पोचवायला आले होते. मला राग आला. आणि त्या रागात मी ते विचारलं, जे मी ठरवलंही नव्हतं.

"अन् माही रेघ सपाट निघाली असती तं? तं मालकाले काय सांगतलं असतं?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, सरांनी त्याला पांढऱ्याचा डबा दिला, झाकण नीट आहे का बघून दिला. मग परत येऊन बसले.

"तुहं नाव सांगतलं असतं."

"माह्या मायचं सारं मालूम असून?"

"मालूम असून." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "रडलो असतो. पन सांगतलं असतं."

मी डबा त्यांच्या हातात दिला आणि निघाले. स्टेशनवर येईपर्यंत मी तणतणत होते. गाडी सुटली, कापूस वेचून झालेली काळी रानं खिडकीतून मागे जायला लागली, डब्यात सगळे पेंगत होते, आणि मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी मला रडू कोसळलं. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. तिला काय सांगणार? माझं नाव घ्यायला जो माणूस कचरला नसता, त्याने त्या दिवशी अख्खी भिंत वाचली होती, आणि माझं नाव घेतलं नव्हतं.

घरी पोचले तर आई गच्चीवरच होती. तिने विचारलं, "काय म्हनले तुहे सर?"

मी म्हटलं, "माहं काम चांगलं आहे म्हनले."